सायकल प्रवासातील मुक्कामाचा दिवस: कामे कधी उरकावीत आणि विश्रांती कधी घ्यावी

काही आठवडे किंवा महिने चालणाऱ्या सायकल प्रवासात दर सहा-सात दिवसांनी एक दिवस मुक्काम करायचा, हा तुमचा बेत योग्यच आहे. तुमची अडचण अशी, की तो दिवस कपडे धुणे, सायकलची दुरुस्ती, पैसे काढणे, औषधे आणि पुढच्या टप्प्याचा शिधा यांतच संपतो आणि दुसऱ्या दिवशी निघताना पाय आधीपेक्षा जड वाटतात; म्हणून असा दिवस ठेवावा की त्याऐवजी रोज थोडे कमी अंतर कापावे, असे तुम्ही विचारले आहे. माझे मत असे, की दिवस जरूर ठेवावा, मात्र त्याची कामे आदल्या दुपारीच सुरू करावीत आणि मुक्कामाच्या दिवशी बारा वाजल्यानंतर दमवणारे एकही काम उरणार नाही असा क्रम लावावा.

पाय जड का होतात, हे आधी समजून घ्यायला हवे. रोज पाच-सहा तास सायकल चालवल्यावर स्नायूंमधील ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या कर्बोदकांचा, साठा बराच रिता होतो. तो पूर्ण भरून यायला भरपूर कर्बोदके मिळाली तरी साधारण २४ तास लागतात आणि त्यासाठी शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ७ ते १० ग्रॅम कर्बोदके पोटात जावी लागतात. म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसाला ४२० ते ६०० ग्रॅम. कामांच्या धावपळीत हेच पहिल्यांदा राहून जाते: सकाळचे खाणे घाईत होते, दुपारचे टळते आणि भूक लागते ती थेट संध्याकाळी. दुसरे कारण चालण्याचे आहे. पेडल मारताना स्नायू आखडून जोर लावतात. जिना उतरताना किंवा उतारावर चालताना मात्र त्यांना ताणले जात असतानाच भार पेलावा लागतो आणि आठवडाभर फक्त सायकल चालवलेल्या पायांना त्याची सवय नसते. अशा पायांनी कडक तळव्याचे सायकलिंगचे बूट घालून दिवसभर शहर पालथे घातले, तर पोटऱ्या आणि मांड्या दुखणारच.

याचा अर्थ दिवसभर अंथरुणात पडून राहावे, असाही नाही. १९०३ साली पहिली टूर द फ्रान्स झाली, तेव्हा १ ते १९ जुलै या काळात फक्त सहा टप्पे होते आणि बहुतेक टप्प्यांच्या मध्ये काही दिवसांची विश्रांती होती. आज तीन आठवड्यांच्या त्याच शर्यतीत २१ टप्पे आणि विश्रांतीचे दोनच दिवस असतात, आणि त्या दोन दिवशीही स्पर्धक एक-दोन तास हलक्या गतीने सायकल चालवतात. प्रवासी माणसाने यातून घ्यायचे ते एवढेच, की लांबच्या कामांना पायी जाण्यापेक्षा सामान उतरवलेल्या सायकलवरून सावकाश जावे. पाय मोकळे होतात, वेळ वाचतो आणि सायकलीत काही आवाज किंवा लचका असेल तर तो बॅगांच्या खडखडाटाशिवाय स्पष्ट ऐकू येतो.

आता आदल्या दुपारविषयी. मुक्कामाच्या गावी पोहोचण्याचा दिवस मुद्दाम आखूड ठेवावा, नेहमीच्या निम्मे अंतर, म्हणजे एक-दोनच्या सुमारास तुम्ही खोलीवर असता. माझ्या मते सबंध नियोजनातला सर्वांत मोलाचा निर्णय हाच आहे, कारण दुकाने, दवाखाने आणि धोबी यांच्या वेळेतले तीन-चार तास त्याने हाती येतात आणि तेवढ्यात निम्मी कामे मार्गी लागतात. गाव निवडतानाही हाच विचार करावा. मोठ्या शहरात सगळे मिळते खरे, परंतु त्यात शिरायला अर्धा दिवस आणि बाहेर पडायला अर्धा दिवस जातो. सायकलचे एक बरे दुकान, औषधांचे दुकान, कपडे धुण्याची सोय आणि बाजार एकमेकांच्या जवळ असलेले मध्यम गाव केव्हाही चांगले. साप्ताहिक सुट्टी कुठे रविवारी असते, कुठे शुक्रवारी, कुठे शनिवारी. काही प्रदेशांत दुकाने भर दुपारी तीन-चार तास बंद राहतात. हे दोन दिवस आधी पाहिले नाही, तर मुक्काम नेमका बंद दिवशी पडतो आणि सगळी कामे पुढच्या गावावर जातात.

कामांचा क्रम महत्त्वावरून लावू नये. ज्या कामात दुसऱ्या कोणाची किंवा नुसत्या वेळेची वाट पाहावी लागते, ते आधी. जे आपल्या हातचे आहे, ते नंतर. पॉवर बँक चार्ज होणे, कपडे वाळणे, दुकानदाराने सुटा भाग मागवणे, ठिगळ लावलेल्या ट्यूबमध्ये हवा टिकते की नाही हे कळणे, या सगळ्यांना तासन्‌तास लागतात, पण त्या तासांत तुमची गरज नसते. २०,००० मिलिअँपिअर-अवरची पॉवर बँक म्हणजे ३.७ व्होल्टच्या हिशेबाने ७४ वॉट-अवर. साध्या १० वॉटच्या चार्जरवर ती भरायला आठ तासांहून अधिक लागतात. म्हणून खोलीत शिरल्यावर बूट काढण्याआधी ती लावावी, मग कपडे भिजवावेत आणि त्यानंतर सायकल तपासायला घ्यावी.

सायकलची तपासणी त्याच दुपारी व्हायला हवी, कारण दोष दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सापडला तर दुकान बंद झालेले असते. तपासणी आणि दुरुस्ती ही दोन वेगळी कामे आहेत, हे इथे लक्षात ठेवावे. दुपारी फक्त पाहायचे, मोजायचे आणि कागदावर लिहायचे. पाना हातात घेण्याची घाई करायची नाही. चाकांपासून सुरुवात करावी. टायरमधली थोडी हवा काढून, चाक हाताने अगदी हळू फिरवत, टायरचा प्रत्येक वीतभर भाग उजेडात पाहावा. रबरावरच्या बारीक चिरा बोटाने दाबून उघडल्या, की आत काचेचा किंवा बारीक तारेचा तुकडा चमकताना दिसतो. असा तुकडा कित्येक दिवस आत आत सरकत असतो आणि पंक्चर होते ते भलत्याच ठिकाणी. तो सुईने किंवा सुरीच्या टोकाने उकरून काढावा. मागच्या टायरवर सामानाचा आणि तुमचा भार जास्त असल्यामुळे तो लवकर झिजतो. नवा टायर घ्यायची वेळ आली, तर नवा पुढे बसवावा आणि पुढचा मागे न्यावा. पुढचा टायर वेगात फुटला तर तोल सावरणे फार कठीण असते.

नंतर चेन. चेन ताणली जाते असे आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात तिच्या पिना आणि सांधे झिजतात आणि म्हणून ती लांब होते. साधी पट्टी पुरते. नव्या चेनच्या १२ पूर्ण कड्या, म्हणजे २४ पिनांमधली अंतरे, बरोबर १२ इंच भरतात. तेच माप इंचाच्या सोळाव्या भागाने वाढले, की चेन बदलावी. आठव्या भागाने वाढले असेल, तर मागच्या दात्यांचीही झीज झालेली असण्याचा संभव मोठा आणि नवी चेन जुन्या दात्यांवरून घसरू लागते. सोळाव्या भागाची वाढ म्हणजे सुमारे अर्धा टक्का. ११ किंवा १२ गिअरच्या अरुंद चेन तर त्यापुढे मुळीच वापरू नयेत. डिस्क ब्रेक असतील तर पॅडवरचा घर्षणाचा थर पाहावा. तो अर्ध्या मिलिमीटरवर आला म्हणजे पॅड संपले, आणि पुढे मोठा घाट असेल तर त्याआधीच बदलावेत. रिम ब्रेक असतील तर रबरात रुतलेले धातूचे कण टोकदार वस्तूने काढून टाकावेत, नाहीतर ते रिम खरवडत राहतात.

आऱ्यांकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. लगतच्या दोन आऱ्या अंगठा आणि बोटांमध्ये धरून दाबत चाकाभोवती फिरावे. एकाच बाजूच्या आऱ्यांमध्ये एखादी इतरांपेक्षा सैल लागली, तर ती लगेच कळते. तुटते ती बहुधा मागच्या चाकाची, चेनच्या बाजूची आरी, तीही हबजवळच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याजवळच्या, वळणावर, आणि ती बदलायला कॅसेट, म्हणजे मागच्या दात्यांच्या चकत्यांचा संच, काढावी लागते. त्यासाठीचे हत्यार जवळ नसेल तर हे काम दुकानातच करून घ्यावे आणि त्याच वेळी चाकाचा आउटही, म्हणजे फिरताना होणारी डगमग, काढून घ्यावा. एकाच सायकलीत तीन वेगवेगळ्या लांबीच्या आऱ्या असू शकतात, तेव्हा जादा आऱ्या घेताना लांबी नोंदवून ठेवावी. शेवटी कॅरियर: त्याचे खालचे बोल्ट, जे मागच्या एक्सलजवळ असतात, खराब रस्त्यावर सर्वांत आधी सैल होतात. पेडल मारताना ते दिसत नाहीत आणि बॅगा लावलेल्या असल्यामुळे थांबल्यावरही दिसत नाहीत. ते ५ मिलिमीटरचे बोल्ट बहुधा ४ मिलिमीटरच्या ॲलन कीने घट्ट होतात. एक-दोन जादा बोल्ट सायकलवर रिकाम्या असलेल्या आट्यांमध्येच बसवून ठेवले, तर गरजेच्या वेळी शोधावे लागत नाहीत.

दुकानात जाताना काय हवे ते मापासह लिहून न्यावे. परक्या भाषेच्या मुलुखात तर टायरच्या कडेवरचे ३७-६२२ असे आकडे दुभाष्याचे काम करतात: पहिला आकडा मिलिमीटरमधली रुंदी, दुसरा टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास. नुसते ‘२६ इंच’ म्हणून टायर मागू नये. डोंगरी सायकलींचा २६ इंची टायर ५५९ मिलिमीटरचा असतो, तर अनेक साध्या सायकलींचा, तोही २६ इंचीच म्हणवणारा, ५९० मिलिमीटरचा असतो आणि एकाच्या रिमवर दुसरा बसत नाही. कारागिराला दोष दाखवावा, उपाय सुचवू नये. तो अशा सायकली रोज पाहतो. मात्र सायकल सोपवताना ती कधी मिळेल हे नक्की विचारावे आणि संध्याकाळी साताऐवजी दुपारी बाराची वेळ मागून घ्यावी, म्हणजे काही चुकले तर सुधारायला दुकान उघडे असते. जे सुरळीत चालले आहे ते उगीच उघडू नये, असेही माझे आग्रहाचे सांगणे आहे. हबचे छर्रे नीट फिरत असताना केवळ वेळ आहे म्हणून कोन (छर्रे जागेवर धरणारे शंकूच्या आकाराचे नट) सैल करायचे, तर मुक्कामाच्या दिवशी नवी व्याधी जडते.

कपड्यांना मी आदल्या दुपारचे काम म्हटले, ते वाळण्याच्या वेळेमुळे. सायकलिंगच्या चड्डीतील गादी सर्वांत शेवटी वाळते. ती साध्या साबणाने उलटी करून धुवावी आणि कपडे मऊ करणारे द्रव्य वापरू नये, कारण त्याचा थर धाग्यांवर बसून घाम शोषण्याची क्षमता कमी होते. धुतलेली चड्डी पिळण्याऐवजी कोरड्या टॉवेलवर पसरावी, टॉवेलसकट घट्ट गुंडाळी करावी आणि ती गुंडाळी जमिनीवर ठेवून तिच्यावर दोन्ही पायांनी मिनिटभर उभे राहावे. उलगडल्यावर टॉवेल ओलाचिंब आणि चड्डी नुसती दमट असते. गादीची बाजू बाहेर ठेवून वाऱ्याला टांगली, की सहसा सकाळपर्यंत घालण्याजोगी होते. पिळल्याने गादीला वळ्या पडतात आणि त्याच पुढे जांघेला काचतात.

दोरीवर जागा उरली तर तंबू आणि स्लीपिंग बॅग. पहाटेच्या दवात गुंडाळलेला तंबू दोन-तीन दिवस तसाच राहिला, तर बुरशी धरतो आणि तो वास जात नाही. स्लीपिंग बॅग तास-दोन तास उघडून पसरली तरी पुरे. ती धुण्याच्या फंदात एका दिवसाच्या मुक्कामात पडू नये, विशेषतः पिसांची असेल तर. पिसे पूर्ण वाळायला फार वेळ लागतो.

मुक्कामाच्या दिवशी सकाळी आधी स्वतःचे शरीर तपासावे. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर झाले असेल, तर तळहाताच्या त्या बाजूने जाणारी नस हँडलवर दबते आहे. एक दिवस हातांना विसावा, जाड आवरणाचे हातमोजे, हँडल थोडे उंच करणे आणि पकड वारंवार बदलणे, एवढ्याने बहुधा फरक पडतो. बोटांतली ताकदच कमी झाली असेल, चिमूट धरता येत नसेल, तर डॉक्टरांना दाखवावे, त्यात टाळाटाळ करू नये. बैठकीच्या जागी त्वचा सोलवटली किंवा पुळ्या आल्या असतील, तर ती जागा धुऊन कोरडी करावी आणि दिवसभर सैल सुती कपडे घालावेत. गाठ, वाढती लाली किंवा ताप असेल तर दुसऱ्या दिवशी निघण्याचा हट्ट सोडावा. पुढे आठवडाभर दवाखाना नसलेल्या प्रदेशातून जायचे असेल, तर याच गावात दाखवून घेणे शहाणपणाचे.

पैशांचे काम लहान आहे. दोन कार्डे असतील तर ती दोन वेगळ्या बॅगांत ठेवावीत, आणि परदेशात यंत्राने किंवा दुकानदाराने तुमच्या मायदेशाच्या चलनात रक्कम आकारण्याचा पर्याय दिला, तर नाकारून तिथले स्थानिक चलन निवडावे. रूपांतराचा दर सहसा त्यातच बरा पडतो. व्हिसा वाढवणे, वकिलातीत खेटे घालणे ही कामे मात्र या दिवसात बसवूच नयेत. त्यांना किती वेळ लागेल हे आपल्या हातात नसते. त्यांसाठी वेगळा मुक्काम धरावा आणि त्याला विश्रांती म्हणू नये.

शिध्याची खरेदी सकाळच्या फेरीत सर्वांत शेवटी ठेवावी, कारण तोपर्यंत पुढच्या टप्प्याचा अंदाज पक्का झालेला असतो. पुढचे दुकान किती अंतरावर आहे एवढे पाहून तेवढे अधिक एका दिवसाचे घ्यावे. पोटभर खाऊन मगच बाजारात जावे. भुकेल्या माणसाच्या पिशवीत दोन किलो जास्तीचे येतात आणि पुढच्या चढावर तेच ओढावे लागतात. स्वयंपाकाचा गॅसचा डबा संपत आला आहे का, हे वजन करून पाहावे. डब्यावर आतील गॅसचे निव्वळ वजन बहुधा छापलेले असते; त्याच मापाच्या नव्या, भरलेल्या डब्याच्या वजनाशी तुलना केली, की किती गॅस उरला ते कळते.

पंक्चरच्या सोल्युशनची नळी दाबून पाहायला विसरू नये. एकदा उघडलेली नळी टोपण लावूनही काही महिन्यांत वाळून जाते, आणि हे कळते ते पाऊस चालू असताना रस्त्याच्या कडेला. साठलेल्या फाटक्या ट्यूबना याच सकाळी ठिगळे लावावीत, बाहेर थोड्या फुगवून भिंतीशी ठेवाव्यात आणि संध्याकाळी हवा टिकली आहे का ते पाहावे.

बारानंतर थांबायचे. इथे अनेकांचा पाय घसरतो: कामे वेळेत उरकली, म्हणून उरलेला दिवस प्रेक्षणीय स्थळांना दिला जातो आणि पुन्हा पाच तास उभे राहणे, जिने, रांगा. स्थळे पाहायची असतील तर जरूर पाहावीत, पण त्यासाठी मुक्काम एक दिवसाने वाढवावा. एकाच दिवसात कामे, विश्रांती आणि पर्यटन तिन्ही मावत नाहीत. दुपारी झोपावे, पुन्हा खावे, पाय उंच करून वाचत पडावे, घरच्यांशी निवांत बोलावे. दोघे सोबत प्रवास करत असतील तर कामे वाटून घ्यावीत. एकाने सायकली, दुसऱ्याने कपडे आणि बाजार, असे केले की दोघेही साडेदहा-अकराला मोकळे होतात. काही तास एकमेकांपासून दूर घालवायलाही संकोच करू नये. अहोरात्र एकाच तंबूत राहणाऱ्या माणसांना त्याची गरज असते, आणि सोबत टिकण्यासाठी मी या तासांना फार महत्त्व देतो.

हा दिवस कॅलेंडरला बांधून ठेवू नये. पाचव्या दिवशी मुसळधार पाऊस किंवा समोरून जोराचा वारा असेल आणि गाव बरे असेल, तर मुक्काम तिथेच करावा. सातव्या दिवसाची वाट पाहण्यात अर्थ नाही. तुम्ही रोज कमी अंतर कापण्याचा जो पर्याय सुचवला आहे, तो यासोबत चालतो, याऐवजी चालत नाही, कारण अर्ध्या दिवसाच्या थांब्यात तंबू उभारणे, स्वयंपाक आणि सकाळची आवराआवर तशीच राहते आणि शरीराला सलग दोन रात्री एका जागी मिळत नाहीत. रोज संध्याकाळी चेन फडक्याने पुसणे, मोजे धुणे आणि दिवसभरात काय बिघडले किंवा संपले ते लिहून ठेवणे, इतके दहा मिनिटांत होते आणि मुक्कामाच्या सकाळचा तासभर वाचतो.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी बॅगा भरून दाराशी ठेवाव्यात आणि सामान लादलेल्या सायकलवर पाच मिनिटांची फेरी मारून ब्रेक आणि सगळे गिअर तपासावेत. नव्या केबल बसवल्या असतील तर त्या पहिल्या काही दिवसांत किंचित सैल पडतात, तेव्हा डिरेलरजवळचा (चेन एका दात्यावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या यंत्रणेजवळचा) ताण देणारा स्क्रू कोणत्या दिशेला फिरवायचा, हे कारागिराकडून समजून घ्यावे. दुसऱ्या दिवशी पहिल्या दहा किलोमीटरनंतर एकदा थांबून, ज्या ज्या बोल्टला दुरुस्तीत हात लागला होता, ते सगळे ॲलन कीने पुन्हा एकदा पाहून घ्यावेत.